नेट चालू ठेवलं म्हणून डेटा संपत नाही

गेल्या आठवड्यात आईनं मला एक मेसेज पाठवला. तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तो फिरत होता. मजकूर असा: ‘नेट चालू असेल तितका वेळ डेटा कापला जातो, वापरा की न वापरा. ५जी लावलं तर दुप्पट जातो. एकदा पाहिलेला व्हिडिओ परत पाहायला डेटा लागत नाही. फोनमधला आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत नाही, हाच चोरीचा पुरावा. म्हणून मोठाच पॅक घ्या, तो नेहमी स्वस्त पडतो.’

हे वाचून आईनं नेट दिवसभर बंद ठेवायला सुरुवात केली. तिच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट त्यामुळे दोन दिवस तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही. एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

‘नेट चालू असेल तितका वेळ डेटा कापला जातो.’ ही समजूत आकाशातून पडलेली नाही. टेलिफोनच्या तारेवरून डायल करून नेट लावायचे, तेव्हा लाइन जितका वेळ अडवली तितके पैसे पडत. सुरुवातीच्या मोबाइल नेटचंही तेच होतं. २०००च्या सुमारास जीपीआरएस हे मोबाइल नेटचं नवं तंत्र आलं, माहिती छोट्या छोट्या तुकड्यांतून, म्हणजे पॅकेटमधून, जाऊ लागली आणि मोजणी मिनिटांऐवजी बाइटवर, म्हणजे माहितीच्या आकारावर आली. आजही मोजतात ते बाइटच: आलेले आणि गेलेले, दोन्ही. तुम्ही व्हिडिओ पाठवलात तर तोही तुमच्याच खात्यात पडतो.

मग काय किती जातं? देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. शंभर चिन्हांचा निरोप म्हणजे ३०० बाइट. एक केबी म्हणजे साधारण हजार बाइट, तेव्हा ३०० केबीचा एक फोटो म्हणजे, नुसता मजकूर धरला तर, असे हजार निरोप. आणि व्हिडिओ-गाण्यांसाठी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: वेग मेगाबिटमध्ये सांगतात, डेटा मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. तासात ३६०० सेकंद. म्हणून सेकंदाला जितके मेगाबिट, त्याला ४५० ने गुणलं की तासाचे एमबी मिळतात. सेकंदाला १६० किलोबिटचं, म्हणजे ०.१६ मेगाबिटचं गाणं तासाला ७२ एमबी खातं. ५ मेगाबिटनं चालणारा स्वच्छ व्हिडिओ २२५० एमबी, म्हणजे सव्वादोन जीबी. तोच १ मेगाबिटवर आणला की ४५० एमबी. तास तोच, खर्च पाचपट वेगळा. हातातल्या छोट्या पडद्यावर या दोन चित्रांतला फरक बहुतेक वेळा पाचपट जाणवत नाही.

नुसतं चालू असलेलं नेट निरोपांची वाट पाहण्यापुरतं थोडंसंच खातं. डेटा जातो तो आपल्या नकळत चालू असलेल्या कामांत. फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, ग्रुपवर आलेले फोटो आपोआप उतरणं. छोटे व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप तर तुम्ही पुढे सरकण्याआधीच पुढचा व्हिडिओ आणून ठेवतात. यावर इलाज नेट बंद करणं नाही. अशा नकळत चालणाऱ्या कामांना आवर घालणारी सोय फोनमध्येच असते: अँड्रॉइडमध्ये २०१६ सालच्या आवृत्तीपासून डेटा सेव्हर आहे, आयफोनमध्ये २०१९ पासून लो डेटा मोड. आयफोनवाल्यांनी वाय-फाय असिस्टही पाहावं: वाय-फाय अडखळलं की ते गुपचूप मोबाइल डेटावर जातं, आणि ते मुळात चालूच असतं. हॉटस्पॉटवर तर सगळ्यात मोठा फटका बसतो. लॅपटॉपला वाटतं आपण वाय-फायवर आहोत, आणि तो भलेमोठे अपडेट उतरवायला घेतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून मिळणारी, करून ठेवलं की यातलं बरंचसं थांबतं.

‘५जीवर दुप्पट जातो.’ १०० एमबीची फाइल ४जीवरही १०० एमबीच आणि ५जीवरही. फक्त वेग मिळाला की व्हिडिओ स्वतःहून वरच्या दर्जावर चढतो. दर्जा आपण ठरवून ठेवला की हा फरक मिटतो.

‘पाहिलेला व्हिडिओ फुकट.’ नाही. ऑनलाइन पाहिलेला व्हिडिओ फोनमध्ये टिकेल याची खात्री नसते, बहुधा तो परत आणावाच लागतो. वाय-फायवर अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवलात, तरच दुसऱ्यांदा डेटा लागत नाही.

आकडे जुळत नाहीत, हे निरीक्षण मात्र खरं आहे. ते नाकारून मेसेज पाठवणाऱ्याला वेड्यात काढणं मला पटत नाही. पण कारणं तपासा. फोन महिन्याच्या १ तारखेपासून मोजत असेल आणि पॅक १७ तारखेला सुरू झाला असेल, तर जुळणार कसं? कुठे जीबी हजाराच्या पटीत धरतात, कुठे १०२४ च्या. तेवढ्यानंच सुमारे ७ टक्के फरक पडतो. शिवाय नेटवर्कनं पाठवलेलं पण वाटेत हरवलेलं पॅकेट तिकडे मोजलं जाऊ शकतं, फोनला ते कधी दिसतच नाही. आधी फोनमधली मोजणीची तारीख पॅकच्या तारखेशी जुळवा. त्यानंतरही मोठी तफावत उरली तर जरूर तक्रार करा, आणि तपशील मागा.

राहिला ‘मोठा पॅक नेहमी स्वस्त’. रोज २ जीबीचा ३० दिवसांचा पॅक म्हणजे ६० जीबी. तुम्ही रोज सरासरी ८०० एमबी वापरता आणि उरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो. म्हणजे पैसे ६० जीबीचे दिले, हाती आले २४. प्रत्येक जीबी जाहिरातीतल्या दरापेक्षा अडीचपट महाग पडला. दिलेल्या पैशांना वापरलेल्या जीबीनं भागा, मिळालेल्या जीबीनं नको.

आईच्या फोनमध्ये आम्ही दोघांनी बसून फोटो आपोआप उतरणं बंद केलं, व्हिडिओचा दर्जा खाली आणला आणि डेटा सेव्हर लावला. नेट आता दिवसभर चालू असतं. कालचा रिपोर्ट तिनं स्वतः उघडून डॉक्टरांना पाठवला.