न्यूट्रिनोच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

रत्नागिरी-मालवणकडच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'अमेरिकेतल्या मिनीबून प्रयोगात न्यूट्रिनोच्या टकरी हिशेबापेक्षा जास्त निघाल्या, म्हणजे भौतिकशास्त्राचा पायाच चुकला.' (न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका मूलभूत कण.) पहिला अर्धा भाग खरा आहे, दुसरा नाही. मुलांना शिकवण्याआधी एवढं वाचा, ही कळकळीची विनंती.

२०१० साली मिनीबूनने निकाल दिला तो खनिज तेलातल्या कार्बनवरचा. हिशेब मात्र न्यूट्रिनो एकाच, जवळजवळ सुट्या न्यूट्रॉनवर आदळतो असं धरून केलेला. अणुकेंद्रात सुटं कोणीच नसतं. आपली आंब्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. पेंढ्यात दाबून बसवलेल्या एका हापूसला बोटाने ढकला, शेजारचाही हलतो. तसंच न्यूट्रिनोचा धक्का कधी कधी जोडीने बांधलेल्या दोन कणांना मिळून बसतो आणि दोघेही बाहेर फेकले जातात. अशा टकरीत न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) बाहेर पडतो. मिनीबूनला मुख्यतः म्युऑन दिसायचा, प्रोटॉन किती उडाले ते नीट मोजता येत नसे. त्यामुळे या टकरीही एकेरी म्हणून मोजल्या गेल्या. असं स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ मार्टिनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच मांडलं होतं, ते आज बहुतेकांना पटतं.

पेटीची उपमा इथे थांबते. केंद्रातले कण स्वस्थ बसत नाहीत, सतत धावत असतात. शिवाय आधीच भरलेल्या अवस्थेत (म्हणजे दुसऱ्या तशाच कणाने व्यापलेल्या ऊर्जेच्या जागेत) दुसरा कण शिरू शकत नाही, म्हणून हलक्या धक्क्याच्या टकरी उलट कमी होतात.

तेव्हा पाया शाबूत आहे, कमी पडलं होतं ते अणुकेंद्राचं गणित. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाकावं.