पावभट्टीच्या धुराचा हिशेब

मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या इंधनाकडे वळावं, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हापासून एक बाजू म्हणते, भट्टीचा धूर गल्लीचा जीव घेतो. दुसरी म्हणते, पाववाल्याला धरलंत, बांधकामांना सोडलंत. दोन्ही खरं असू शकतं. किती खरं, ते हवेत धूर कसा पसरतो याचं संगणकावरचं मॉडेल चालवून बघता येतं. लाकडाचा धूर लंडनलाही छळतोच, म्हणून तिथली पद्धत मुंबईला काय देऊ शकते ते सांगतो.

आधी जाळी, म्हणजे मॉडेल शहराचे जे चौकोन पाडतं ते. एक किलोमीटरच्या चौकोनात भट्टीचा धूर पातळ होतो आणि बेकरी निर्दोष ठरते. बुटकी चिमणी आणि समोरची चार मजली चाळ वीस मीटरच्या जाळीत मांडली, की तोच धूर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत सापडतो. मग मॉडेल एकदा भट्ट्यांसह, एकदा त्यांच्याशिवाय चालवून वजाबाकी करायची. मात्र सूक्ष्म कणांचा बराच भाग हवेतच वायूंपासून बनतो, म्हणून सगळ्या स्रोतांच्या वजाबाक्यांची बेरीज शंभर टक्के येईलच असं नाही.

मग पडताळणी, आणि घाई नेमकी इथेच होते. ब्रिटनमध्ये पालिका दिव्याच्या खांबाला बोटाएवढी नळी टांगतात. तिच्या टोपणातली रसायन लावलेली जाळी महिनाभर नायट्रोजन डायऑक्साइड शोषते. वीज लागत नाही. (धुराचे कण ती पकडत नाही. मुंबईच्या गल्लीत त्यासाठी कणमापकच हवेत.) मोजलेलं मॉडेलच्या दुप्पट निघालं, तर सरळ दोनने गुणायचं नसतं. आधी वाहनांचा वेग, रस्त्याची रुंदी, पार्श्वभूमीचं प्रदूषण तपासायचं आणि उरलेल्या फरकाची दुरुस्ती फक्त रस्त्यावरच्या वाहनांच्या वाट्याला लावायची. वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम असेल तर सरासरी चूक ४ च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. ती १० पलीकडे गेली तर सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या. मोजलेलं आणि मॉडेलचं यांची अशी तुलना करणारा तक्ता मुंबईतल्या प्रत्येक निर्णयासोबत लोकांसमोर यायला हवा.

आरोग्याचा आकडा मात्र तसाच उचलू नये. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढली की मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, हे गुणोत्तर मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या स्वच्छ हवेच्या अभ्यासांतून आलं आहे. जास्त प्रदूषणात हा आलेख सपाट होत जातो.

वाऱ्याचंही तसंच. ब्रिटनमध्ये सर्रास वापरलं जाणारं एडीएमएस हे मॉडेल, वेगळी सोय चालू केली नाही, तर सेकंदाला ०.७५ मीटरपेक्षा मंद वाऱ्याचे तास गाळून टाकतं. वाहत्या वाऱ्याच्या लंडनला त्याने फारसा फरक पडत नाही. मुंबईत जानेवारीच्या पहाटे वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, आणि पाव भाजायची वेळही तीच.