हुद्द्याबरोबर जबाबदारीही येते

अमेरिकेतल्या हायस्कुलांमधली जेआरओटीसी, म्हणजे मुलांना लष्करी धर्तीवर कवायत, शिस्त आणि नेतृत्व शिकवणारा विषय, ही सैन्यभरतीची पहिली पायरी आहे, हा तुमच्या जेआरओटीसीवरच्या लेखातला सूर मला पटला नाही. 1916च्या कायद्यातून सुरू झालेल्या या उपक्रमात शिकवायला बहुतेक निवृत्त सैनिक असतात हे खरं, पण पुढे सैन्यात जायचं कसलंही बंधन मुलांवर नसतं.

माझी मुलगी या उपक्रमात कॅडेट आहे. गणवेश घालायच्या दिवसाच्या आदल्या रात्री फूटपट्टी घेऊन नावाची पट्टी बरोबर जागी बसली का, ते मोजत बसते. पण मला खरं अप्रूप आहे ते तिच्या हाताखालच्या तुकडीचं. नववीतला एक मुलगा कवायतीत सारखा चुकायचा. सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडायचं नाही, मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन त्याच्याकडून पावलं बसवून घ्यायची, हे तिचं तिनेच ठरवलं. राज्यघटना, मतदान हे धडे वर्गात होतातच. हाताखालच्या माणसाची जबाबदारी घेणं मात्र असं अंगवळणी पडतं.

एक ठामपणे सांगते, हा विषय ऐच्छिकच हवा. वेळापत्रकात जागा भरायची म्हणून मुलांना न विचारता त्यात घालणाऱ्या शाळांना पालकांनी जाब विचारलाच पाहिजे.