दाजी, जरा उजेडात या

घरातल्या कुठल्याही ग्रुप फोटोत मला शोधायचं असेल तर आधी दात शोधायचे. मागच्या ओळीत, कोपऱ्याकडे, हवेत तरंगणारी एक बत्तीशी दिसली की तो मी. फोटोच्या क्षणी मी गंभीर असलो तर मात्र शोधणाऱ्याचं काही खरं नाही. एका फोटोत तर माझ्या जागी नुसता शर्ट उभा आहे. इस्त्रीची घडी अगदी स्पष्ट आलीय.

मी काळा आहे. सावळा, काळासावळा, निमगोरा हे शब्द ऐकणाऱ्याच्या समाधानासाठी असतात, माझं त्यांच्यावाचून अडत नाही. आरशात मी व्यवस्थित दिसतो, दाढी करताना एखादा गाल सापडला नाही असं कधी झालेलं नाही. हरवतो तो फक्त फोटोत. आणि ‘हे असं का?’ विचारलं की इतकी वर्षं सगळे जण चेहऱ्यावर सहानुभूती आणून माझ्या चेहऱ्याकडे बघत आले.

त्यात पुढे असायचा माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, गोरापान, वर हौशी फोटोग्राफर. त्याची लेन्स तोफेएवढी आहे आणि ती रोखून तो एकच वाक्य म्हणतो, “दाजी, जरा उजेडात या ना.” मी सरकतो. “अजून थोडं.” मी अजून सरकतो. एकदा असा सरकत सरकत मी फ्रेमच्या बाहेर गेलो. तो फोटो त्या दिवसाचा सर्वांत चांगला आला, यावर घरात एकमत झालं.

मग तो फ्लॅश काढतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो इवलासा दिवा सरळ तोंडावर मारला की कपाळावर एक, नाकाच्या शेंड्यावर एक आणि दोन गालांवर दोन असे पांढरेशुभ्र ठिपके उमटतात. बाकीचा मी होतो तिथेच, अंधारात. फाशावर चार पडावेत तसा चेहरा.

ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो काढणाऱ्या गृहस्थांनी वेगळाच उपाय केला. फोटो काढून झाल्यावर त्यांनी संगणकावर कसलीशी पट्टी उजवीकडे ओढली आणि बघता बघता मी राखेच्या रंगाचा झालो. “बघा, किती फ्रेश!” ते कार्ड गळ्यात अडकवून गेलो तर दारावरचा रखवालदार एकदा कार्डाकडे बघतो, एकदा माझ्याकडे. “हे कोण?” मी म्हटलं, “लांबचे नातेवाईक.”

शेवटी एका रविवारी मेव्हण्याच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल मीच वाचायला घेतलं. त्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेलं नव्हतं. त्यावरून पुढे वाचत गेलो आणि खरा आरोपी सापडला. कॅमेऱ्यातला लाइट मीटर हा पक्का कारकून आहे. समोर बर्फ असो, म्हैस असो की मी असो, त्याला काही देणंघेणं नाही. सगळ्याची सरासरी एका मधल्या करड्या रंगाएवढी भरली पाहिजे, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला साधारण 18 टक्के परत पाठवणाऱ्या करड्याएवढी, इतकंच त्याला शिकवलेलं. माझ्यामागे पांढरी भिंत आली की तो म्हणतो, ‘फारच उजेड झाला’, आणि सगळंच अंधारवतो. भिंत होते करडी आणि मी होतो भिंतीतलं भोक. आता आठवा, ‘उजेडात या’ म्हणून मला इतकी वर्षं कुठे उभं केलं जात होतं? पांढऱ्या भिंतीपाशी नाहीतर खिडकीला पाठ करून.

स्पॉट मीटरिंगने नुसता माझा गाल मोजला तर उलटी तऱ्हा. ‘हाही इसम करडाच असणार’ या हट्टाने तो इतका प्रकाश आत घेतो की मी भस्म फासल्यासारखा दिसतो. तिथून साधारण एक स्टॉप खाली उतरावं लागतं, म्हणजे प्रकाश निम्मा करावा लागतो, तेव्हा कुठे मी माझ्या रंगावर येतो.

फिल्मच्या काळात तर आमचा निकाल आधीच लागलेला असे. रंगीत फोटो छापणाऱ्या लॅबना कोडॅक नमुन्याचं एक कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई, नाव शर्ली. पुढे कार्डावरच्या बायका बदलल्या, पण कार्डाचं नाव शर्लीच राहिलं. ती छान दिसली की मशीन जुळलं, मग आपण कसे दिसतो ही आपली खासगी बाब. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार 1960-70 च्या दशकांत कंपनीने मनावर घेतली, ती कुणाची? चॉकलेटवाल्यांची आणि फर्निचरवाल्यांची! दुधाचं चॉकलेट आणि गडद चॉकलेट फोटोत सारखंच दिसतं, एक लाकूड दुसऱ्यापासून ओळखू येत नाही, हे त्यांचं दुःख. म्हणजे आमच्या वतीने कपाटं भांडली. निरनिराळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला पुढे 1990 चं दशक उजाडलं. हे वाचल्यापासून मी घरातल्या लाकडी कपाटाचं दार आपटत नाही.

मग प्रयोग. खिडकीला पांढरी चादर बांधली, कॅमेरा स्टँडवर लावला आणि थर्माकोलचा तक्ता धरून बायकोला दुसऱ्या बाजूला उभं केलं. यातली मेख अशी की गोऱ्या चेहऱ्याचा उंचसखलपणा सावलीने कळतो आणि काळ्या चेहऱ्याचा चमकेने. काळ्या गाडीच्या बॉनेटवर अख्खं आभाळ दिसतं ना, तसा माझ्या गालावर समोरचा दिवा दिसतो. दिवा टिकलीएवढा असला की टिकली उमटणार. चादरीएवढा असला आणि बाजूने आला की गालाच्या हाडावरून कपाळापर्यंत लांब, मऊ झळाळी पसरते. ती बरोबर जागी बसेपर्यंत मान तसूतसूने वळवायची. “लवकर वळ, हात भरून आला,” थर्माकोलमागून आवाज आला.

पावडर तर अजिबात नाही. पावडर लावली की मी फळा पुसलेल्या डस्टरसारखा दिसतो. उलट क्रीम चोपडायचं. चमक कमीजास्त करायला पोलरायझर नावाची फिरती काच मिळते. ती मी हौसेने शेवटपर्यंत फिरवली, तर चेहऱ्यावरची सगळी चमक गेली आणि फोटो थेट श्रद्धांजलीच्या जाहिरातीला चालेल असा आला. काच थोडी मागे आणली तेव्हा पुन्हा जिवंत झालो. मागच्या गडद पडद्यात केस बुडत होते, म्हणून पाठीमागून एक दिवा डोक्यावर सोडला.

आणि स्क्रीनवर आलो. मीच! गालावर तपकिरी, ओठांशी लालसर, कानशिलापाशी निळसर झाक. एवढे रंग घेऊन मी हिंडतो याची मला कल्पना नव्हती. लहानपणी पडलो होतो त्याची हनुवटीवरची खूण पहिल्यांदाच फोटोत उमटली. बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “केस तरी विंचरायचेस.” इतक्या वर्षांत हा आक्षेप कुणाला घेताच आला नव्हता.

पुढच्या वेळी सगळे जमले तेव्हा ग्रुप फोटो मी काढायला घेतला. मेव्हणा सवयीने खिडकीला खेटून, सगळ्यात उजेडाच्या खुर्चीत बसला. मी आतल्या बाजूची माझी खुर्ची बघून एक्स्पोजर लावलं, टायमर दाबला आणि जागेवर जाऊन बसलो. फोटोत मी हनुवटीच्या खुणेसकट हजर. खिडकीपाशी मात्र एक पांढरा ढग आणि ढगात दोन भुवया.

“दाजी, यात मी कुठंय?”

“अरे, तुझा चेहराच तसा आहे, त्याला कॅमेरा तरी काय करणार?” मी चेहऱ्यावर शक्य तितकी सहानुभूती आणली. “जरा अंधारात ये ना.”

तो सरकला.

“अजून थोडं.”