खुलासा: खोटा पत्ता टाकून ईमेल वर्म थांबत नाही

सांगलीतल्या ग्रुपवर परवापासून एक निरोप फिरतोय: ईमेलच्या अ‍ॅड्रेस बुकात सगळ्यात वर एक खोटा पत्ता घालून ठेवा, वर्म (म्हणजे मेलमधून स्वतःच्या प्रती पाठवत पसरणारा घातक प्रोग्राम) तिथेच अडकेल आणि मेल परत आला की तुम्हाला कळेल. विश्रामबागच्या एका काकांनी एवढ्या भरवशावर अँटीव्हायरसच काढून टाकला, म्हणून लिहितोय.

हे खरं नाही. एक मेल परत आला तरी बाकीचे गेलेलेच असतात. 2004 चा मायडूम नावाचा वर्म तर डिस्कवरच्या फायलींतूनही पत्ते वेचायचा, मेल स्वतःच पाठवायचा आणि पाठवणाऱ्याचं नावही खोटं घालायचा. परत आलेला मेल भलत्याच माणसाकडे जायचा! म्हणून ओळखीच्या नावाने आलेली अटॅचमेंटसुद्धा फोनवर विचारल्याशिवाय उघडू नका. 2000 च्या 'आय लव्ह यू' वर्ममध्ये फाईल साधी टीएक्सटी, म्हणजे नुसत्या मजकुराची दिसायची, कारण नावातलं शेवटचं व्हीबीएस (ही प्रोग्रामची खूण) विंडोज लपवायचं. विंडोजमध्ये फाईलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी असलेली ही खूण) दाखवणारी सेटिंग चालू करा.

लागण झाल्याची शंका आली तर आधी नेट तोडा. मग विंडोज डिफेंडरचं (विंडोजमधल्याच अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोज सुरू होण्याआधीच तपासतं, त्यामुळे वर्मला लपायला जागा कमी. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला.

निरोप पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरी कृपया तो आता पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.