दप्तर आवरताना विचारलेला प्रश्न
स्वतःबद्दल बोलायला न धजणारं मूल गोष्टीतल्या पात्राबद्दल मात्र बोलतं, हा गोष्टींमधून मुलांशी लैंगिक शोषणाबद्दल बोलण्यावरच्या लेखातला मुद्दा अगदी पटला. एका लहान मुलीला 'हे आपलं गुपित, कुणाला सांगू नकोस' असं बजावणाऱ्या काकांची गोष्ट मी एकदा वर्गात वाचली होती. तास संपल्यावर एक मुलगी दप्तर आवरत रेंगाळली. म्हणाली, "तिने सांगितलं असतं तर आई तिलाच रागावली असती ना?" अशा वेळी शिक्षकाने काय करायचं, तेही लेखात यायला हवं होतं. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, उलटतपासणी घ्यायची नाही. शांतपणे ऐकायचं, तिचेच शब्द टिपून ठेवायचे आणि शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी गाठायचं. पण आपण (सवयच ती!) गोष्टीचं तात्पर्य पाच ओळींत लिहायला सांगून मोकळे होतो.