खुलासा : ‘-डी’ पर्याय ओळीत कुठेही चालत नाही

ऐरोलीतल्या आमच्या जावा शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक टीप फिरते आहे : ‘-डी’चा पर्याय (जावा प्रोग्राम सुरू करताना त्याला नाव आणि किंमत अशी सेटिंग, म्हणजे सिस्टिम प्रॉपर्टी, देणारा) कमांडच्या ओळीत कुठेही लिहा, चालतो. हे चूक आहे. क्लासच्या किंवा जार फाइलच्या नावाआधी लिहिलेले पर्याय जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः वाचतं. नावानंतरचं सगळं, म्हणजे आर्ग्युमेंट्स, मेन मेथडच्या (जिथून प्रोग्राम सुरू होतो तिच्या) ॲरेत, म्हणजे यादीत, जातं. तिथे ‘-डी’ म्हणजे नुसता मजकूर. एररही येत नाही, आणि खरा त्रास हाच! ती सेटिंग वाचणारं सिस्टिम.गेटप्रॉपर्टी मुकाट्याने नल (‘काहीच नाही’) देतं आणि मुलं रात्रभर स्वतःचाच कोड उसवत बसतात.

‘सी’ भाषेप्रमाणे ॲरेत शून्याव्या जागी प्रोग्रामचं नाव असतं, असंही त्याच टिपेत आहे. जावात तिथे पहिलं आर्ग्युमेंटच असतं. काहीच दिलं नाही, तर ॲरेची लांबी ०. ॲरे नल नसतो.